तिच्या अक्षरातली लेबलं

ही हकीकत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. रोज आठवत होती आणि रोज काहीतरी काम निघत होतं. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांवरच्या स्टिकरांची घाई, पावसाळ्यात मशिनची दुरुस्ती, दिवाळीच्या पुढंमागं कॅलेंडरं. आता छापखाना मुलगा बघतो. मी सकाळी दोन तास जाऊन बसतो, चहा पितो, घरी येतो. काम उरलेलं नाही, तेव्हा सबबही उरलेली नाही.

रत्नागिरीत चाळीस वर्षांहून जास्त काळ मी लेबलं छापली. सुरुवातीला पायानं चालवायच्या मशिनवर, मग ऑफसेटवर. काजू, कोकम, आंबापोळी, सुकी मासळी, मसाले, अगरबत्ती, फिनेल. गावात काय विकलं जाणार हे मला दुकानदाराच्या आधी कळायचं, कारण माल बाजारात यायच्या आधी त्याचं नाव माझ्याकडं यायचं. पहिली पंधरा वर्षं सगळ्यांना लेबलावर देव हवा असायचा, नाहीतर कमळ. कागद पातळ, मागून खळ लावून चिकटवायचा. मग चकचकीत स्टिकर आले आणि लोक सोनेरी रंग मागायला लागले. मग इंग्रजी. आमच्याच वाडीतला माणूस आमच्याच वाडीतल्या माणसाला पापड विकायचा आणि लेबलावर एक शब्द मराठीत नसायचा. हायवेवर पर्यटकांची दुकानं वाढली तशी लाट फिरली. सोनेरी नको, चकाकी नको. खाकी रंगाचा खरखरीत कागद हवा आणि त्यावर ‘घरगुती’ हा शब्द हवा. एका मोसमात मी हा शब्द इतक्या गिर्‍हाइकांसाठी छापला, की त्यातली निम्मी घरं कुठं आहेत असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

त्याच सुमारास ती बाई आली.

राजापूरच्या रस्त्याला आत एक गाव आहे, तिथून एसटीनं आली होती. पन्नाशीच्या आसपासची, अंगानं किरकोळ, हातात कापडी पिशवी. नाचणीचं सत्त्व करायची. वाडीतल्या बाळंतिणींना कित्येक वर्षं करून देत होती, आता बचतगटातल्या चार बायका मदतीला घेऊन विकायचं ठरवलं होतं. अन्न खात्याकडं नोंदणी झाली होती. रत्नागिरीतली दोन दुकानं आणि राजापुरातलं एक, एवढ्यांनी माल ठेवायचं कबूल केलं होतं. फक्त लेबल राहिलं होतं.

मी तिला नमुन्यांची वही दाखवली. बाळाचे फोटो, दुधाचा पेला, फुलं. तिनं सगळी पानं नीट उलटली आणि वही मिटली.

“भाऊ, ह्यातलं बाळ कोनाचं हाय?”

“कोणाचं म्हणजे? चित्र आहे ते.”

“मंग नको. माझं सत्त्व न खाल्लेलं बाळ कशाला लावू?”

आमचा कटिंगवाला पलीकडून हसला. तीस वर्षं माझ्याकडं कागद कापत होता, माझ्याच वयाचा, मला अण्णा म्हणायचा. “अण्णा, आता वहिनींसाठी सत्त्व खाल्लेलं बाळ शोधायला पायजे. माझा नातू चालेल काय? काळा हाय जरा.”

“काळा तर काळा,” ती म्हणाली, “पन त्यानं खाल्लंय काय ते सांगा.”

शेवटी तिनं पिशवीतून एक कागद काढला. सत्त्व कसं करतात आणि बाळाला कसं द्यायचं ते तिनं निळ्या पेननं लिहून आणलं होतं. नाचणी तीन पाण्यांत धुवायची, भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर. गोल, मोठं, थोडं डावीकडं कललेलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी जागा कमी पडली की अक्षरं एकमेकांना चिकटून बसलेली. मला तो कागद बघताबघता सुचलं. म्हटलं, वहिनी, टाइप कशाला करायचं? हेच छापू. तुमचंच अक्षर. पुढं नाव, मागं कृती.

तिला आधी लाज वाटली. मग ती खूश झाली. तारखेची जागा तिनं मुद्दाम कोरी ठेवायला सांगितली. म्हणाली, तारीख मी स्वतः घालणार, प्रत्येक पुडीवर, भरीन त्या दिवशी. दोन हजार लेबलं ठरली.

इथं माझ्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एका मोठ्या कागदावर चोवीस लेबलं बसतात. लहान गिर्‍हाइकाला हजार-दोन हजारच हवी असतात, त्याच्यासाठी वेगळी प्लेट परवडत नाही. म्हणून चार-पाच जणांची लेबलं एकाच प्लेटवर मांडायची, एकदम छापायची आणि कापून ज्याची त्याला द्यायची. मांडताना कधी दोन जागा उरतात, कधी तीन. कोरा कागद कापून फेकायला छापणार्‍याचा हात धजत नाही. त्या जागी जे लेबल बसेल ते बसवून टाकायचं. जास्तीची बाजूला ठेवायची, गिर्‍हाईक पुन्हा आलं की उपयोगी पडतात. गिर्‍हाइकाला हे कुणी सांगत नाही. सगळे छापखाने असंच करतात, आणि मीही केलं.

तिचं लेबल लहान होतं. कुठल्याही फटीत बसायचं. दुसर्‍यांची खाकी कागदावरची कामं निघाली की उरलेल्या जागी ते बसायचं. वर्षभरात कटिंग मशिनमागच्या फळीवर तिच्या लेबलांचे गठ्ठे जमले. तिची दोन हजार तिला कधीच देऊन झाली होती. हे गठ्ठे तिला ठाऊक नसलेले.

आमच्याकडं एक व्यापारी यायचा. आंब्याच्या पेट्यांवरच्या स्टिकरांचं मोठं काम त्याचंच. त्या एका गिर्‍हाइकावर माझा निम्मा मोसम चालायचा. उन्हाळा संपताना एकदा तो हिशेबासाठी येऊन बसला होता. चहा घेताना त्याची नजर फळीवर गेली. उठला, एक लेबल काढून उजेडात धरलं.

“काका, हे कुणाचं?”

मी सांगितलं.

“किती उठाव आहे माहीत आहे काय ह्याला? राजापूरच्या दुकानात पुडी टिकत नाही. लोकांना आता छापलेलं नको झालंय. लिहिलेलं हवंय.” लेबल खाली ठेवता ठेवता हसला. “पण छापून हवंय.”

मग म्हणाला, एवढी पडून आहेत, रद्दीतच जाणार ना? मला नमुन्याला द्या. जाताना त्यानं नमुना नेला नाही, गठ्ठे नेले. मी ते दोरीनं बांधून दिले.

आत्तापर्यंत जेव्हा जेव्हा हे मनात उगाळलं, तेव्हा मी इथंच थांबत आलो. रद्दी समजून दिली, पुढचं मला काय ठाऊक. पण ते खरं नाही. दीड महिन्यानं त्याचा फोन आला. “काका, त्या सत्त्वाची अजून थोडी.” थोडी म्हणजे किती हे त्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. या खेपेला जागा उरली म्हणून भरली नाही. मी जागा ठेवली. मसाल्याच्या एका गिर्‍हाइकाचं काम मुद्दाम पुढच्या प्लेटवर ढकललं आणि तिचं लेबल त्या जागी बसवलं. तो काय भरणार आहे हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

कापताना कटिंगवाल्यानं मान वर केली. “वहिनी लय धंदा करायला लागल्या वाटतं.”

“काप तू,” मी म्हणालो.

त्यानं कापलं. पुन्हा त्या विषयावर तो कधी चेष्टा करायला आला नाही.

त्यानंतरचे दोन महिने काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं मला खुपायला लागलं होतं. पाऊस जोरात होता. छापखान्यात कागद ओल धरत होता, शाई वाळत नव्हती. मध्ये एकदा बाई स्वतः येऊन गेली. आणखी हजार लेबलं सांगितली, आणि माझ्या घरी नात झाली होती म्हणून सत्त्वाची एक पुडी ठेवून गेली. तारीख निळ्या पेननं, तिच्या हाताची. ती पुडी आम्ही वापरली. माझी नात तिच्यावर वाढली.

दापोलीला एका घरात दहा महिन्यांचं बाळ आजारी पडलं. उलट्या, जुलाब, मग ताप. दवाखान्यात आठवडाभर होतं. घरच्यांनी बाळाला दिलेल्या सगळ्या गोष्टी डॉक्टरांसमोर ठेवल्या, त्यात सत्त्वाची पुडी होती. आतलं पीठ बुरसलेलं निघालं. नाचणी त्यात निम्मीसुद्धा नव्हती. पुडीवर तिचं अक्षर होतं, नाव होतं, गावाचा पत्ता होता.

बाळ वाचलं. या दोन शब्दांना धरून मी बरीच वर्षं काढली.

अन्न खात्याचे एक साहेब माझ्याकडं आले तेव्हा दुपार होती, मशिन चालू होतं. त्यांनी ती पुडी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मी बंद करायला सांगायच्या आधीच कटिंगवाल्यानं मशिन बंद केलं. पुडीवर तारीख होती, पण रबरी शिक्क्याची. जांभळ्या शाईची. मला ती पहिल्या नजरेतच दिसली.

“लेबल तुम्ही छापलंत?”

“हो.”

“किती? कुणाला दिलीत?”

साधा प्रश्न होता. मागं फळी होती. फळीवर शेवटचा एक गठ्ठा अजून तसाच होता. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते सांगतो, कारण लाज वाटण्यासारखंच आहे. बाई आली नाही, बाळ आलं नाही. आंब्याचा मोसम आला. तो व्यापारी गेला तर मुलानं नुकतंच हातात घेतलेलं सगळं कसं चालणार, आणि दुसर्‍याची लेबलं भलत्याला विकणारा छापखाना म्हणून गावात आपलं नाव कसं घेतलं जाणार, एवढंच आलं. साहेबांनी लेखी मागितलं. मी छापखान्याच्या कागदावर लिहून दिलं, की सदर लेबले मूळ ग्राहकाच्या सांगण्यावरून छापली व सर्व त्यांनाच दिली. खाली सही, शिक्का.

ते गेल्यावर कटिंगवाल्यानं फळीवरचा गठ्ठा उचलला आणि कापायच्या पात्याखाली धरला. मला विचारलं नाही. चार वेळा पातं खाली आलं. तुकडे पोत्यात भरून तो म्हणाला, “अण्णा, हे मी केलं, पुन्हा कुनाच्या पुडीवर जायला नको. तुम्ही केलं त्यात माझा हात नको.” महिन्याभरानं त्यानं काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाला.

तिसर्‍या दिवशी बाई आली. पिशवीत उरलेली लेबलं होती, शंभर-शंभरचे गठ्ठे सुतानं बांधलेले. तिनं ते माझ्या टेबलावर मांडले. तुमच्याकडून इतकी नेली, इतकी वापरली, ही इतकी उरली. सगळं जुळत होतं. तिला वाटत होतं, जुळलं म्हणजे झालं.

“भाऊ, दापोलीला मी उभ्या जन्मात गेले नाय. माझा माल तिकडं जातच नाय. आनि ही तारीख बगा, शिक्क्याची. मी शिक्का कदी मारलाय काय? तुमालाच पुडी दिली होती ना, तुमच्या नातीला?”

मी म्हणालो, “दिली होती.”

“मंग एवढं लिहून द्या. माझ्याकडं किती दिली आनि बाकीची कुठं गेली.”

“बाकीची कुठली, वहिनी? जेवढी छापली तेवढी तुम्हालाच दिली.”

ती चिडली नाही. माझ्या मनात अजून आहे ते हे, की ती चिडली नाही. लेबलावर बोट ठेवून म्हणाली, “अक्षर माझं हाय. म्हनून मला नाय म्हनता येत नाय. पन तुमाला म्हनता येतंय.”

मी खतावणी उघडून तिच्यात काहीतरी शोधायला लागलो. मान वर केली तेव्हा ती जिना उतरून गेली होती. गठ्ठे टेबलावरच होते.

तिची नोंदणी गेली. दुकानांनी माल परत केला. बचतगटातल्या बायका बाजूला झाल्या, त्यांना तरी काय बोलणार, त्यांच्या घरांत लहान मुलं होती. पुढच्या वर्षी तिच्या स्वतःच्या मुलीला मुलगा झाला. तिनं नातवासाठी सत्त्वाचा डबा पाठवला. सासरच्यांनी झाकण न उघडता परत पाठवला. हे मला कटिंगवाल्यानं बाजारात भेटल्यावर सांगितलं, त्याचं गाव तिच्या गावाला लागूनच आहे. सांगताना तो मासळीच्या पाटीकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

व्यापार्‍याचा त्या काळात एकच फोन आला. “काका, तुम्ही काही छापलं नाही, मी काही नेलं नाही. बरोबर ना?” आणि मोसमात नेहमीपेक्षा मोठं काम आलं. मी ते घेतलं.

एकदा गेलो होतो तिच्या घरी. नवं कॅलेंडर द्यायच्या निमित्तानं. छापखाना दरवर्षी गिर्‍हाइकांना कॅलेंडर देतो. एसटीतून उतरून चिर्‍याच्या गडग्याकडेनं चालताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ती पडवीत बसली होती. कोपर्‍यात दळायची चक्की होती, वर पोतं टाकलेलं. तिनं गूळ आणि पाणी आणून ठेवलं.

“अजून देता होय मला कॅलेंडर? मी तर आता गिर्‍हाईक नाय तुमची.”

“असू दे. चालायचंच.”

“नात काय म्हनते?”

“शाळेत जाते.”

“बरं झालं,” ती म्हणाली. तिनं कॅलेंडर उलगडलं, खिळ्याला लावलं, मागं सरून सरळ लागलंय का बघितलं. तेवढा वेळ मला होता. माझ्या तोंडात गूळ होता. मी पाणी प्यायलो, परतीची गाडी चुकेल म्हणालो आणि उठलो.

गेल्या वर्षी ती गेली.

यानंतरचं मी लिहिलं नसतं, पण ते अजून संपलेलं नाही. त्या सगळ्या प्रकरणानंतर मुलानं छापखान्यात लेबलांचं नवं मशिन आणलं, सगळं काम संगणकावर गेलं. गिर्‍हाइकं हातानं लिहिल्यासारखं काहीतरी मागत होती. मुलाला जुन्या फायलींत तिची कृती सापडली, लेबलाच्या मागच्या बाजूची, नाव-पत्ता नसलेली. त्यात जवळजवळ सगळी अक्षरं होती. त्यानं एका ओळखीच्या माणसाकडून ती सुटी करून घेतली, कमी पडलेली जुळवून घेतली आणि संगणकात भरली. कुणाचं अक्षर आहे हे त्याला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. त्यानं त्या फॉन्टचं नाव ‘घरगुती’ ठेवलंय.

त्या अक्षराला सगळ्यांत जास्त मागणी आहे. हायवेच्या दुकानांत जा, लोणची, पापड, कुळथाचं पीठ, कोकम, सगळ्यांवर तीच गोल, डावीकडं कललेली अक्षरं. हर्णेला सुक्या मासळीच्या पाकिटावर मी ती बघितली. माझ्या घरी, माझ्या स्वयंपाकघरात, तिखटाच्या बरणीवर आहेत. जे तिनं कधी केलं नाही, कधी चाखलं नाही, त्यावर ती बाई रोज सही करते आहे. आतलं कसं आहे, कुणी भरलंय, मला ठाऊक नाही. पुन्हा एखादी पुडी कुणाच्या टेबलावर ठेवली जाईल आणि विचारलं जाईल, हे अक्षर कुणाचं? सकाळी छापखान्याचा फोन वाजला, की मी अजून आधी तेच ऐकतो.

मागच्या आठवड्यात एक तरुण मुलगी आली होती, नवा उद्योग काढते म्हणाली. मुलानं विचारलं, नाव काय टाकू? तिनं सांगितलं आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. नाचणी सत्त्व. वस्त्रगाळ. मुलगी म्हणाली, “अय्या, अगदी आजीनं लिहिल्यासारखं वाटतंय.” मुलगा हसला. मी चहाचा कप खाली ठेवला आणि घरी आलो.

त्या दिवसापासून हे लिहितोय. संगणकावर नाही, हातानं. माझं अक्षर वाईट आहे, पण माझं आहे. मुलाला वाचायला देणार आहे. त्यानं ती अक्षरं काढून टाकावीत, हे त्यालाही पटेल अशी आशा आहे. तिनं माझ्याकडं रडून-भेकून काही मागितलं नव्हतं. एक कागद मागितला होता, चार ओळींचा. तो त्या दुपारी टेबलावर बसून पाच मिनिटांत झाला असता. आता द्यायला कोणी नाही, तरी तो इथं लिहितो.

वहिनी, दाखला देतो की, आपल्या सांगण्यावरून आम्ही आपली तीन हजार लेबले छापली व ती आपल्याला दिली. त्याखेरीज आपल्याला न सांगता आणखी छापली. ती मी माझ्या हाताने दुसर्‍याला दिली, एकदा रद्दी म्हणून आणि एकदा जाणूनबुजून. दापोलीच्या पुडीवरचे लेबल त्यांतले होते. आतले पीठ आपले नव्हते. तारीख आपली नव्हती. अक्षर तेवढे आपले होते, आणि ते मी नेले होते. पूर्वी लिहून दिलेला कागद खोटा आहे. मला माफ करा.